कात्री न लागणारी झुडपं

पुण्यातल्या बंगल्यांच्या आणि रो-हाउसच्या बागा करून देणं आणि नंतर त्या सांभाळणं, हा माझा व्यवसाय. यातलं दुसरं काम मला अधिक मोलाचं वाटतं. लावलेलं झाड पहिल्या वर्षी सगळीकडे छानच दिसतं. ते त्या जागेला साजेसं होतं की नव्हतं, हे तीन-चार पावसाळे गेल्यावर कळतं, आणि तेव्हा तिथं हजर असतो तो सांभाळणारा.

मागणी बहुतेक घरांत सारखीच असते. झाड बुटकं हवं, खिडकी झाकली जाऊ नये. वर्षभर रंग दिसावा. फूल यावं, देवापुढे चार ठेवता आली तर उत्तम. ही मागणी मला अवाजवी वाटत नाही. फाटकापासून पायरीपर्यंत जेमतेम दहा-बारा फुटांचं अंगण असलं की तिथं गुलमोहर लावता येत नाही, आणि नुसती हिरवळ करावी तर एप्रिल-मेमध्ये ती टँकरचं पाणी पिते. अशा अंगणाचं सगळं रूप कंबरेएवढ्या झुडपांवर अवलंबून असतं. म्हणून मी त्यांना भरतीचा माल समजत नाही. बागेची आखणी त्यांच्यापासूनच सुरू करते.

रंगीत पानं म्हटलं की नर्सरीत आधी क्रोटन पुढे केला जातो. पान देखणं, पण फूल असून नसल्यासारखं. पान आणि फूल दोन्ही देणारी झुडपं आपल्या हवेत पुष्कळ आहेत. पांढऱ्या काठाची तगर, पांढऱ्या-गुलाबी-हिरव्या पानांची जास्वंद, सोनेरी ड्युरांटा, जांभळट पानांचं एरॅन्थेमम, कोवळी पालवी तांबूस येते ती बुटकी एक्झोरा, चट्टेरी पानांची बोगनवेल. मुसांडाही यातच धरते, जरी त्याचा रंग खरं तर पानाचा नव्हे, फुलाखालच्या दलाचा. पावसाळ्यात सह्याद्रीच्या वाटांवर भूतकेस दिसतो, तो याच कुळातला. त्याच्या छोट्या केशरी फुलाच्या पाच दलांपैकी एकच मोठं आणि पांढरं होऊन पानासारखं बाहेर येतं. बागेतल्या गुलाबी मुसांड्यात पाचही दलं तशी फुगलेली असतात. फिलिपीन्समध्ये लॉस बान्योसच्या विद्यापीठात यावर बरंच काम झालं आणि तिथले वाण जगभर गेले. पुण्यात तो जूनपासून दिवाळीपर्यंत बहरतो. डिसेंबर-जानेवारीची थंडी मात्र त्याला सोसत नाही, पानं झडून काड्या उरतात. म्हणून तो दर्शनी जागी एकटा कधी लावत नाही. त्याच्या पुढे थंडीत टिकणारं काहीतरी ठेवते.

या झुडपांचं जितकं नुकसान हेज कात्रीनं होतं, त्याच्या निम्मंही किडीनं होत नाही. वास्तुशांतीच्या दिवशी बाग भरलेली दिसावी म्हणून रोपं फुटाफुटावर लावली जातात. पिशवीतलं रोप वीतभर रुंदीचं असतं, तेव्हा कुणाला त्यात गैर वाटत नाही. पण तेच झुडूप वाढल्यावर अडीच-तीन फुटांचा घेर मागतं. दुसऱ्या पावसाळ्यात फांद्या एकमेकींत घुसतात, वाट अडते, आणि माळी दर पंधरवड्याला वरून सपाट, बाजूनं सरळ कापायला लागतो. शेंडा गेला की खालचे डोळे फुटतात, प्रत्येक कापाच्या जागी तीन-चार फुटवे येतात. बाहेरून पानांची दाट भिंत तयार होते, आत ऊन पोचत नाही, आतल्या काड्या उघड्या पडतात, हवा खेळत नाही. शिवाय एक्झोरा, ड्युरांटा, मुसांडा यांचा फुलोरा फांदीच्या शेंड्याला येतो. शेंडाच दर पंधरवड्याला खाली पडत असेल तर फूल कुठून येणार?

प्रभात रस्त्यावरच्या एका जुन्या बंगल्यात सोनेरी ड्युरांट्याचं कुंपण होतं. कैक वर्षांचं, पट्टी लावून कापल्यासारखं सरळ. तिथले माळी मुळशीकडचे, वयानं मोठे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. घरच्या आजींना मी विचारलं, याला फूल कधी आलंय का? त्या म्हणाल्या, “अगं, ह्याला फूल येतं?” मी मामांना विनंती केली की पाण्याच्या टाकीमागचा तुकडा, जो रस्त्यावरून दिसत नाही, तेवढा कापू नका.

“ताई, मग ते रानासारखं होईल,” मामा म्हणाले.

“होऊ द्या मामा. एक पावसाळा जाऊ द्या. नाही आवडलं तर दिवाळीला तुम्हीच कापा.”

श्रावण संपता संपता त्या तुकड्यातल्या फांद्या कमानीसारख्या बाहेर झुकल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला निळसर जांभळ्या फुलांचे घोस लटकले. फूल अर्ध्या इंचाहून लहान, पाच पाकळ्यांचं. जवळून पाहिलं तर काहींच्या पाकळ्यांवर मधोमध गडद रेघ असते. पिवळ्या पानांवर तो निळा फार खुलतो. उन्हं वर आली की त्यावर फुलपाखरं येत. पुढं फुलांच्या जागी नारिंगी मण्यांचे झुबके धरले. आजी रोज टाकीमागं जाऊन उभ्या राहायला लागल्या. त्यांना एकच गोष्ट बजावून सांगितली: ते मणी नातवंडांच्या तोंडात जाऊ देऊ नका, विषारी असतात. मामांनी दिवाळीला कात्री काढली, पण कुंपणाच्या उरलेल्या भागासाठी. तिथं त्यांनी स्वतःहून हेज कात्री बाजूला ठेवली आणि सिकॅटरनं आतल्या जुन्या काड्या मुळाशी काढायला सुरुवात केली. आता दरवर्षी तिसरा हिस्सा असा विरळ होतो, आणि कुंपणाला पानंही आहेत, फुलंही.

झुडूप किती वाढणार, हे त्याच्या पानाच्या रंगावरून बरंचसं ओळखता येतं, हे मला या कामानं शिकवलं. पानातला पांढरा भाग म्हणजे हरितद्रव्य नसलेला भाग. तो अन्न तयार करत नाही. फिकट पिवळ्या भागात ते अगदी कमी असतं. त्यामुळे पांढऱ्या काठाची तगर साध्या तगरीपेक्षा सावकाश वाढते आणि आटोपशीर राहते. चट्टेरी जास्वंदीचं आणि चट्टेरी बोगनवेलीचंही तसंच. बुटकेपणा त्यांच्या रंगातच आहे, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. तांबड्या-जांभळ्या पानांची गोष्ट निराळी. त्यात हरितद्रव्य शाबूत असतं, वर लाल रंगद्रव्याचा पडदा असतो, म्हणून ती झाडं जोमानं वाढतात. तांबडी अकॅलिफा किंवा लाल पानांचं युफोर्बिया पिशवीत कितीही गोजिरं दिसलं, तरी डोक्याच्या वर जाणार हे धरून चालावं. युफोर्बियाचा चीक तर त्वचेला आणि डोळ्यांना फार त्रास देतो. लहान मुलांच्या घरी मी तो लावतच नाही.

रंगाप्रमाणे जागाही ठरते. लाल आणि पिवळ्या पानांना भरपूर ऊन लागतं. सावलीत एरॅन्थेममचं जांभळं पान मळकट हिरवं होतं, सोनेरी ड्युरांटा पोपटी पडतो. पांढऱ्या पानांचं बरोबर उलट. पश्चिमेच्या भिंतीलगत, समोर सिमेंटचे ब्लॉक घातलेले असतील तर एप्रिल-मेमध्ये वरून आणि खालून दोन्हीकडून झळ बसते, आणि पानाचा पांढरा भाग कागदासारखा करपतो. त्यांना सकाळचं ऊन द्यावं, दुपारी घराची किंवा मोठ्या झाडाची सावली. एकाच अंगणात पूर्वेला आणि पश्चिमेला एकसारखी झाडं लावून जुळवाजुळव करण्याचा हट्ट घरमालकांनी सोडला, तर निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत. मी साईटवर पहिल्या भेटीत झाडांविषयी बोलत नाही. सकाळी नऊला, दुपारी एकला आणि चारला ऊन कुठवर येतं, ते खडूनं जमिनीवर आखून ठेवायला सांगते. उन्हाळ्यात आणि थंडीत ती रेघ बरीच सरकते, तेही घरच्यांना सांगून ठेवते.

चट्टेरी झुडपाकडे नियमानं बघावं लागतं ते एका कारणासाठी. त्याच्या शेंड्यात हिरव्या आणि बिनहिरव्या पेशींचे थर शेजारी शेजारी असतात. मधूनच एखाद्या डोळ्यातून निखळ हिरवी फांदी येते. ती इतरांपेक्षा पोटभर खाते, म्हणून सरसर वर जाते. पावसाळ्यात चितकबऱ्या तगरीच्या मधोमध अशी तकतकीत हिरवी फांदी उठून दिसते, पेरं लांब, पान मोठं. घरचे लोक आनंदानं सांगतात, “बघा, किती जोर धरलाय!” आणि ती जपतात. दोन पावसाळ्यांत सगळं झाड हिरवं होऊन बसतं. अशी फांदी दिसली की जिथून फुटली तिथपर्यंत बोटानं खाली जावं आणि अगदी सांध्यापाशी काढावी. अर्ध्यावर कापली तर खालच्या डोळ्यांतून पुन्हा हिरवीच येते. याच कारणानं ही झाडं बियांपासून करत नाहीत; चांगला रंग असलेली फांदी निवडून छाट कलम किंवा गुटी करतात. पूर्ण पांढरी फांदीही कलमासाठी घेऊ नये. मूळ धरलं तरी ते रोप स्वतःला पोसू शकत नाही.

बोगनवेलीत चट्टेरी पानांचं मोठं काम आपल्याच देशात झालंय. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत गॅमा किरण वापरून ‘महारा व्हेरिगाटा’, ‘लॉस बानोस व्हेरिगाटा’ असे वाण तयार केले गेले. गव्हावरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. बी. पी. पाल हेही बोगनवेल आणि गुलाबाचे जाणते पैदासकार होते. माझ्या आवडीचा वाण ‘थिम्मा’: पानाच्या मध्यभागी पिवळा डाग, एकाच झाडावर पांढरे आणि किरमिजी झुबके. कुंडीत किंवा उंच वाफ्यात, कमी पाण्यावर तो फार सुंदर राहतो. बोगनवेलीला रोज पाणी घालणाऱ्या घरी पानंच पानं येतात. थंडी ओसरताना पाणी तोडलं, माती चांगली वाळू दिली, की फुलोरा येतो. हे सांगून पटत नाही, एकदा करून दाखवावं लागतं.

एक्झोरावर थोडं सविस्तर लिहिते, कारण पुण्यात या झुडपाची सगळ्यांत जास्त उपासमार होते. कोकणात लाल मातीत, अंगणात किंवा रानाच्या कडेला ती काही न करता बहरते. पुण्याच्या बऱ्याच भागांत खाली चुनखडी, वर बोअरचं जड पाणी. बांधकामाचा राडारोडाही भिंतीलगत गाडलेला असतो, त्यातलं सिमेंट मातीत चुना सोडत राहतं. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक याला पाण्याचा किंवा खताचा तुटवडा समजून युरिया टाकतात. नत्र कमी पडलं तर जुनी, खालची पानं आधी पिवळी होतात. इथं नवी पानं पिवळी आहेत, म्हणजे झाडाला लोह मिळत नाही. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे मुळांना घेता येत नाही. हिराकस मातीत टाकलं तर तेही काही दिवसांत तसंच अडकतं. लिटरला पाच ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबाचं फूल घालून संध्याकाळी पानांवर फवारलं की आठवड्याभरात हिरवेपणा दिसतो, मात्र फरशीवर शिंतोडे पडू देऊ नयेत, तांबडे डाग निघत नाहीत. खरा उपाय जमिनीतला. दीड फूट खोल चर घेऊन राडारोडा काढायचा, पोयटा, शेणखत आणि पालापाचोळ्याचं कुजकं खत भरायचं, गच्चीवरचं पावसाचं पाणी तिथं वळवायचं. मातीत टाकायचंच असेल तर चुनखडीच्या जमिनीतही टिकणारं चिलेटेड लोह कृषी सेवा केंद्रात मिळतं, ते घ्यावं. हा खर्च सांगितला की काही घरं मागं हटतात. अशा वेळी मी एक्झोराऐवजी तगर सुचवते. तिला हीच माती चालते.

तगरीवर पावसाळ्यात बोटभर लांबीची हिरवी अळी येते. अंगावर डोक्याजवळ दोन निळे, काळ्या कडेचे डोळ्यांसारखे ठिपके. मुलं घाबरतात, मोठी माणसं औषध मागतात. ती एका मोठ्या हिरव्या पतंगाची अळी आहे, कण्हेरीवरही वाढते. काही दिवस पानं खाते आणि मातीत शिरून कोष करते. निरोगी तगर तेवढी पानं पंधरा दिवसांत परत आणते. मी औषध देत नाही. मुलांना बोलावून ते ठिपके दाखवते. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाकडे मात्र वेळेवर लक्ष द्यावं लागतं. मुंग्या त्याला एका फांदीवरून दुसरीकडे पसरवतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडायची, मग पाण्याचा जोरदार फवारा, मग निंबोळी तेल. एवढं करण्याआधी एकदा भिंग घेऊन पाहावं. पिठ्या ढेकणासारखाच पांढरा, लोकरीचे धागे असलेला, पण जरा मोठा आणि भरभर चालणारा जीव दिसला, तर ती ढेकूण खाणाऱ्या ऑस्ट्रेलियन ढालकिड्याची अळी असू शकते. हा कीटक १८९८ साली भारतात आणला गेला. त्याच्यावर फवारणी केली तर आपल्या बाजूनं लढणाराच मरतो.

रोपं घ्यायला मी सोलापूर रस्त्याला उरुळी कांचनकडच्या नर्सऱ्यांत जाते. तिथला पुष्कळ माल ट्रकनं आंध्रातल्या कडियमहून येतो. गोदावरीकाठचं ते गाव रोपवाटिकांसाठी देशभर माहीत आहे. तिथल्या दमट हवेतून निघालेलं रोप पुण्याच्या कोरड्या वाऱ्यात एकदम लावू नये. पंधरा दिवस सावलीत ठेवावं, मग हळूहळू उन्हाकडे सरकवावं. मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गड्डा असतो. तो तसाच खड्ड्यात ठेवला तर पाणी बाजूनं निघून जातं आणि गड्डा कोरडा राहतो. बाहेरची माती बोटांनी सैल करून मग लावावं. निवडताना भरगच्च फुलांचं रोप टाळते आणि बुंध्यातून तीन-चार फांद्या फुटलेलं, पेरं जवळ जवळ असलेलं रोप घेते. एक प्रश्न मात्र नर्सरीवाल्याला आवर्जून विचारते: याला वाढ रोखणारं औषध दिलंय का? कोकणात हापूसला मोहोर यावा म्हणून देतात ते पॅक्लोब्यूट्राझोल शोभेच्या झाडांनाही बुटकं ठेवतं. कुंडीसाठी त्यात वाईट काही नाही. पण जमिनीत लावल्यावर असर संपतो, आणि दीड फुटांचं म्हणून आणलेलं झाड आपल्या मूळ उंचीकडे निघतं. म्हणून त्या जातीचं जमिनीत वाढलेलं, जुनं झाड कुठं तरी पाहिल्याशिवाय मी घेत नाही. यासाठी एम्प्रेस गार्डनमध्ये जाण्यासारखं सोपं काही नाही. १८३० साली स्थापन झालेली अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ती बाग चालवते. जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला गर्दी होते, पण मी घरमालकांना साध्या दिवशी तिथं नेते, पूर्ण वाढलेली झाडं दाखवायला.

चट्टेरी पानांची घाणेरीही नर्सरीत मिळते, फार सुरेख दिसते. मी ती लावत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला घाणेरी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं झाड म्हणून आली आणि आज देशभरच्या रानांत काय झालंय ते टेकडीवर फिरायला जाणारा प्रत्येक पुणेकर पाहतो. एखादा वाण बी धरत नाही असं विक्रेते सांगतात. ते खरं असलं तरी तिच्याजागी लावण्यासारखी इतकी झाडं असताना मला तिची गरज वाटत नाही.

पॉइन्सेटियाचं एक सांगते. औंधच्या एका घरी फाटकाजवळचं झाड डिसेंबरात घराकडच्या बाजूनं लालभडक झालं आणि रस्त्याकडच्या बाजूनं हिरवंच राहिलं. घरच्यांनी माती, पाणी, खत सगळं तपासून घेतलं होतं. संध्याकाळी साडेसहाला मी तिथं उभी राहिले आणि बाहेरचा म्युनिसिपालिटीचा दिवा लागला. या झाडाला लाल व्हायला लांब, अखंड अंधाऱ्या रात्री लागतात. दिव्याच्या उजेडातल्या फांद्यांच्या लेखी उन्हाळाच चालू होता. पावसाळा सरता सरता त्याचं कलम घराच्या मागच्या बाजूला हलवलं. तिथं ते नीट रंगतं.

सध्या हडपसरच्या एका रो-हाउसचं काम चालू आहे. पंचवीस फुटांची पुढची पट्टी, पूर्वमुखी, एका टोकाला दुपारचं ऊन. उन्हाच्या टोकाला ‘थिम्मा’ उंच वाफ्यात, मधे चट्टेरी तगर अडीच-अडीच फुटांवर, पायरीपाशी चर घेऊन माती बदलून बुटकी एक्झोरा. रोपं लावून झाल्यावर मधल्या मोकळ्या जागा पाहून घरच्या काकू हिरमुसल्या. “एवढं अंतर? उघडं उघडं दिसतंय गं.” त्यांच्या जाऊबाईंच्या बागेत पहिल्याच दिवशी हिरवीगार भिंत होती, असंही म्हणाल्या. मी त्या मोकळ्या जागांत झेंडूची आणि झिनियाची रोपं लावून दिली; ती हंगामी, झुडपांच्या मुळांशी भांडत नाहीत, वर्षभरात निघून जातात. दसऱ्याला घरच्या झेंडूचं तोरण झालं. पुढच्या वर्षी झुडपं मोकळी जागा निम्मी व्यापतील, तेव्हा झेंडू वीस नाही, दहाच रोपं आणायची, असं काकूंनी त्यांच्या वहीत लिहून ठेवलंय.